मालकाचं खातं अडलं, तर फॉरमॅट मारू देऊ नका

गावातल्या शाळेत, वाचनालयात, झेरॉक्सच्या दुकानात एखादा जुना संगणक असतो. नवं विंडोज त्याला पेलवत नाही. म्हणून कुणीतरी जाणत्या पोराने त्यात लिनक्स टाकून दिलेलं असतं. फुकट, हलकं, आणि व्हायरसची कटकट कमी. यंत्र पुन्हा चालू लागतं. दाखले छापले जातात, मुलं टायपिंग शिकतात, पीक विम्याचे अर्ज भरले जातात.

मग एक दिवस कुणीतरी त्या यंत्राच्या मालक-खात्यात एक बारीकसा बदल करतं. पुढच्या वेळी मालकालाच आत जाता येत नाही. पासवर्ड बरोबर असतो, तरी यंत्र बाहेर काढतं. घरात, शाळेत गोंधळ. यंत्र पोत्यात गुंडाळून वर्ध्याला न्यायचं ठरतं. दुकानदार बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल."

आंजी (मोठी) असो की वर्धा-आर्वी रस्त्यावरचं दुसरं कुठलं गाव, माझं सांगणं एवढंच आहे. थांबा. फॉरमॅट मारू देऊ नका. बिघाड बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. त्या ओळीपायी चार वर्षांचे निकाल, हिशेब आणि फोटो पुसायचं कारण नाही.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

लिनक्समध्ये एक खातं सगळ्यांच्या वर असतं. त्याचं नाव रूट. नवा प्रोग्रॅम टाकणं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणं, काहीही पुसणं, हे सगळं त्याला करता येतं. हेच यंत्राचं मालक-खातं.

दुसरी गोष्ट शेल. काळ्या पडद्यावर तुम्ही हुकूम टाइप करता. तो वाचून यंत्राकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. बहुतेक लिनक्सवर बॅश नावाचं शेल असतं. ते ब्रायन फॉक्स यांनी लिहिलं आणि १९८९ मध्ये लोकांच्या हाती आलं. झेडशेल आणि फिश ही दुसरी दोन. ती रंगीत आहेत आणि अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवतात. म्हणून पोरांना आवडतात. त्यात गैर काही नाही. अ‍ॅपलनेही २०१९ मध्ये मॅकवरच्या नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल दिलं.

अडचण शेलमध्ये नाही. ते कुणाच्या खात्याला लावलं, त्यात आहे.

कोणत्या खात्याला कोणतं शेल, याची नोंद यंत्र एका फाइलमध्ये ठेवतं. ही नोंदवही 'ईटीसी' फोल्डरमध्ये असते. तिचं नाव पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी. दर खात्याला एक ओळ, दर ओळीत सात रकाने, मध्ये दोन-दोन टिंबं. रूटची ओळ सहसा सगळ्यात वर असते. पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत दिसते. आपल्या अक्षरांत लिहिली तर साधारण अशी:

रूट : एक्स : ० : ० : रूट : /रूट : /बिन/बॅश

शेवटचा रकाना बघा. तो शेलचा पत्ता आहे. तुम्ही पासवर्ड देता, यंत्र तो मान्य करतं, मग या पत्त्यावरचा प्रोग्रॅम सुरू करायला जातं. तिथे तो प्रोग्रॅमच नसेल, तर यंत्राला पुढे काही करता येत नाही. ते तुम्हाला पुन्हा दारात उभं करतं.

पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही, ते यामुळे.

हे कशाने होतं

पत्ता चुकीचा लिहिला जातो. एक अक्षर कमी पडलं तरी पुरे. साध्या खात्याने असा बदल मागितला तर यंत्र अडवतं. रूटला मात्र बऱ्याचदा नुसता इशारा देतं आणि बदल करून टाकतं. मालकाचा हुकूम शेवटी.

पत्ता बरोबर असतो, पण पुढे कुणीतरी साफसफाई करताना ते शेलच काढून टाकतं. "फिश कोण वापरतं इथे?" असं म्हणून. ते रूटला लावलेलं आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

कधी नवं शेल डिस्कच्या वेगळ्या भागात असतं. एरवी चालतं. यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू झालं, की तो भाग जोडलेला नसतो. नेमकी गरज असते तेव्हाच शेल सापडत नाही.

कधी कुणी सुरक्षिततेसाठी म्हणून रूटला 'नोलॉगिन' लावून ठेवतं. मग "हे खातं सध्या उपलब्ध नाही" अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो. हा बिघाड नव्हे. कुणीतरी मुद्दाम लावलेलं कुलूप आहे. आधी त्याला विचारा.

पहिलं काम: काही बंद करू नका

बदल नुकताच केला असेल, तर एखादी काळी खिडकी रूटच्या नावाने अजून उघडी असेल. ती बंद करू नका. यंत्र रीस्टार्ट करू नका. "एकदा बंद करून चालू करून बघू" ही आपली सवय इथे नडते. उघडी खिडकी जुन्याच शेलवर चाललेली असते. तिच्यातून सगळं दोन मिनिटांत पूर्ववत होतं.

दुसरं, पासवर्ड पुन्हापुन्हा बदलत बसू नका. दोष पासवर्डचा नाही.

तिसरं, फोनवरून "मी बसल्या जागी दुरुस्त करतो, रूटचा पासवर्ड सांगा" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला काही सांगू नका. त्या यंत्रात मुलांचे आधार क्रमांक असतील, लोकांची बँकपासबुकं स्कॅन केलेली असतील. एकदा पासवर्ड गेला की हे सगळंच गेलं.

आत जायचे रस्ते, सोप्यापासून अवघडापर्यंत

क्रमाने जा. पहिल्याने काम झालं तर दुसऱ्याला हात लावू नका.

पहिला रस्ता. रूटची खिडकी उघडी असेल, तर तिच्यात हा हुकूम द्या: यूजरमॉड, मग आडवी रेघ आणि त्याला चिकटून एस, मग /बिन/बॅश, मग रूट. चार तुकडे, प्रत्येकामध्ये एक जागा. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. यूजरमॉडची अक्षरं यू, एस, ई, आर, एम, ओ, डी. बॅशची बी, ए, एस, एच. एंटर दाबल्यावर काही निरोप आला नाही, तर काम झालं समजा. लिनक्स सहसा चुकलं तरच बोलतं.

दुसरा रस्ता. खिडकी बंद झाली असेल, तर ज्या साध्या खात्याला मालकाची कामं करायची परवानगी आहे, त्या खात्याने आत जा. उबुंटू नावाचं लिनक्स बसवताना जे पहिलं खातं तयार होतं, त्याला ही परवानगी असते. उबुंटूने २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा थेट प्रवेश बंदच ठेवला आहे. तिथे सगळं 'सुडो' लावून चालतं. सुडोची अक्षरं एस, यू, डी, ओ. वरच्याच हुकमाच्या आधी सुडो लिहा, एक जागा सोडा आणि एंटर दाबा. असा हुकूम थेट चालतो. रूटच्या बिघडलेल्या शेलशी त्याचा संबंध येत नाही. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

इथे एक खाचखळगा आहे. शेल बदलण्यासाठी सी, एच, एस, एच असा दुसराही हुकूम आहे. तोच सगळीकडे शिकवला जातो. पण डेबियन नावाच्या लिनक्सवर आणि उबुंटूवर तो आधी तपासतो की खात्याचं सध्याचं शेल यंत्राच्या मान्य शेलांच्या यादीत आहे का. नसलं की ओळख पटत नाही म्हणून अडून बसतो. माणसाला वाटतं पासवर्डच चुकला. म्हणून मी यूजरमॉड सांगतो.

तिसरा रस्ता. सुडोवालं खातंच नसेल, तर यंत्र दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करा. उबुंटूवर सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरा. नव्या यंत्रांवर एस्केप हळूच एकदा दाबा. यादी दिसेल. तिच्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'.

इथे डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते. आधी ती लिहिण्यासाठी उघडावी लागते. त्याचा हुकूम: माउंट, मग रेघ आणि ओ, मग 'रीमाउंट, आरडब्ल्यू' मध्ये स्वल्पविराम देऊन सलग, मग एक जागा आणि शेवटी नुसती तिरपी रेघ. त्यानंतर यूजरमॉडचा हुकूम. मग 'सिंक' असं लिहून एंटर, म्हणजे बदल डिस्कवर नीट उतरतो. मग रीस्टार्ट.

चौथा रस्ता. हेही जमलं नाही, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून यंत्र सुरू करा. 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. इथेच लोक चुकतात आणि डिस्क पुसून बसतात. मग आतली डिस्क उघडा आणि तिच्यातल्या नोंदवहीच्या फाइलमधल्या रूटच्या ओळीचा शेवटचा रकाना सुधारा.

नीट बघा, फाइल आतल्या डिस्कची उघडली आहे ना? पेनड्राइव्हवरही त्याच नावाची फाइल असते. ती सुधारून माणूस समाधानाने रीस्टार्ट करतो आणि बिघाड जागच्या जागी. आणि फक्त तो एक रकाना बदला. दोन टिंबं जास्तीची पडली किंवा एक कमी झालं, तर आख्खं खातंच मोडतं.

घाईत ती फाइल बिघडलीच, तर तिच्या शेजारी बघा. त्याच नावाची, शेवटी आडवी रेघ असलेली एक फाइल तिथे बहुधा असते. खात्यांत बदल करणारे हुकूम आधीची प्रत तिच्यात ठेवतात. रूटची जुनी ओळ तिथून बघून लिहा.

ही कामं वीज जाण्याच्या वेळेला करू नका. यूपीएस नसेल तर सकाळचा निवांत वेळ निवडा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या.

आत गेलात, पण कामं अडतात

कधी नवं शेल नीट सुरू होतं, तरी रोजची कामं बिघडतात. इथे घाबरायचं कारण नाही, फक्त कारण ओळखायचं.

जुने हुकूम चालत नाहीत? प्रत्येक शेलची आपली सेटिंगची फाइल असते. बॅशच्या फाइलमध्ये लिहिलेले शॉर्टकट आणि पत्ते फिश वाचत नाही. शिवाय फिशचं व्याकरणही थोडं निराळं आहे. बॅशसाठी लिहिलेला लांब हुकूम तिथे जशाचा तसा चालेल असं नाही.

रात्रीचा बॅकअप थांबला? दुसरं यंत्र नेटवर्कवरून या यंत्रात येऊन बॅकअप घेत असेल, तर ते आपले हुकूम त्या खात्याच्या शेलकडूनच करून घेतं. शेल बदललं की तिथे फरक पडतो. नव्या शेलच्या सेटिंगमध्ये कुणी "नमस्कार, सुस्वागतम" असा निरोप छापायला लावला असेल, तरी फाइल पाठवणारे प्रोग्रॅम गोंधळतात. त्यांना फाइलच्या जागी नमस्कार मिळतो. निरोप काढा, काम सुरू होईल.

हे नवशिक्यांनाच होतं असं समजू नका. २००६ मध्ये उबुंटूने यंत्रणेच्या स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांच्या फाइली, चालवणारं शेल बॅशऐवजी डॅश नावाचं केलं, काम लवकर व्हावं म्हणून. बॅशच्या खास लकबी गृहीत धरून लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट तेव्हा अडखळल्या. जाणत्यांनाही आपापल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळी तपासाव्या लागल्या. तुम्हीही तेच करा. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेलचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं, तिला खात्याचं शेल बदलल्याने फरक पडत नाही.

बदलायचंच असेल, तर असं करा

खरं तर रूटचं शेल बदलायची गरजच नसते. पोराला फिश आवडतं? त्याच्या स्वतःच्या खात्याला लावू द्या. ते बिघडलं तर त्याचंच खातं अडेल, शाळेचं काम अडणार नाही. रूटमध्ये गेल्यावर झेडशेल हवं? आत जाऊन नुसतं झेड, एस, एच टाइप करा. ते सुरू होईल आणि बाहेर पडलं की संपेल. नोंदवहीला धक्का नाही.

फ्रीबीएसडी नावाची लिनक्ससारखीच एक यंत्रणा आहे. तिच्यात रूटच्या जोडीला 'टूर' नावाचं मालकाच्याच अधिकाराचं दुसरं खातं असतं. कुणाला वेगळं शेल हवंच असेल, तर ते टूरला लावावं आणि रूटचं राहू द्यावं, असा तिथला जुना रिवाज. मुरलेली माणसंही रूटला हात लावताना दुसरी वाट राखतात, मग आपण का नाही?

तरीही बदलायचंच ठरलं, तर हा क्रम पाळा.

एक. रूटची आताची ओळ कागदावर उतरवून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

दोन. नवं शेल आधी नुसतं नाव टाइप करून सुरू करून बघा. सुरू झालं नाही, तर ते नोंदवहीत लिहायचंच नाही.

तीन. ते मान्य यादीत आहे का बघा. ही यादी त्याच ईटीसी फोल्डरमध्ये 'शेल्स' नावाच्या फाइलमध्ये असते. पत्ता तिथे जसा आहे तसाच, अक्षर न अक्षर उतरवा.

चार. सुडोवालं एक साधं खातं चालू आहे ना, हे आत जाऊन तपासा. "असेल" म्हणून पुढे जाऊ नका.

पाच. बदल करा, पण खिडकी उघडीच ठेवा. दुसरी खिडकी उघडून तिथून रूटमध्ये जाऊन बघा. विहिरीत माणूस उतरतो तेव्हा वर दोर धरून दुसरा उभा असतो ना, तसंच हे. दुसरीकडून प्रवेश झाला, तरच पहिली खिडकी बंद करा.

सहा. परीक्षेच्या, प्रवेशाच्या किंवा विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात असला उद्योग करू नका. अर्ज राहिला तर शेतकऱ्याला यंत्राचं कारण सांगून भरपाई मिळत नाही.

शिकायला कुठे जाल

लिनक्स आता गावाला नवं राहिलेलं नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या छोट्या शाळेत २००७ मध्येच मुलांच्या हाती लिनक्सवर चालणारे लॅपटॉप आले होते. सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतासाठी बॉस नावाचं लिनक्स काढलं, त्यात मराठीही आहे. यंत्र गावात येतं, पण ते दुरुस्त करणारा शहरात असतो. ही खरी अडचण आहे.

ती आपणच सोडवायची. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्स आणि बॅशचे छोटे ध्वनिचित्र-धडे आहेत. मराठीतूनही आहेत आणि फुकट आहेत. नेट चांगलं असेल तेव्हा उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा. नववी-दहावीतली दोन मुलं-मुली आणि एक शिक्षिका, एवढ्यांनी जरी ते नीट बघितले, तरी वर्ध्याच्या अर्ध्या चकरा वाचतील. एकावर अवलंबून राहू नका. तो एक पुढे शिकायला नागपूरला किंवा पुण्याला जाणारच आहे, आणि त्याने जावंच.

आणि दुकानात न्यावंच लागलं तर

दुकानदारावर संशय घेऊ नका. त्याच्याकडे दिवसभर विंडोजची यंत्रं येतात आणि फॉरमॅट हा त्याचा जवळचा रस्ता असतो. त्याला शांतपणे सांगा: "यात लिनक्स आहे. रूटचं शेल बदललं गेलंय. नोंदीतला शेवटचा रकाना सुधारायचा आहे. डेटाला हात लावू नका." एवढं स्वच्छ सांगितलं की जाणता माणूस लगेच समजतो. आणि ज्याला समजत नाही, त्याच्याकडून यंत्र परत घेऊन या. एक दिवस उशीर झालेला परवडतो.

डिस्कला स्वतःचं कुलूप लावलेलं असेल, तर त्याचाही पासवर्ड लागेल. तो नसेल तर पेनड्राइव्हचा रस्ताही चालत नाही. म्हणून तो आत्ताच शोधून ठेवा.

आज यंत्र चालू आहे ना? मग आजच एक कागद घ्या. सुडोवाल्या खात्याचं नाव, रूटची ओळ, लिनक्सचा पेनड्राइव्ह कुठे ठेवला आहे आणि बॅकअप कधी घेतला, हे लिहा. पासवर्ड मात्र या कागदावर नको. तो वेगळ्या लिफाफ्यात बंद करून मुख्याध्यापकांच्या किंवा घरातल्या मोठ्यांच्या कपाटात ठेवा. आणि तो कुठे आहे, हे कमीत कमी दोघांना माहीत असू द्या.